भिंतीमागची तुळसा

तुळसाने आयुष्यात जेवढे सिनेमे ऐकले, तेवढे पालीच्या पंचक्रोशीत कुणी पाहिले नसतील. ऐकले म्हणजे नुसते ऐकलेच. पाहिला एकही नाही. बरं, तिचं घर थेटरापासून फार लांब होतं किंवा घरातून सोडत नव्हते, असंही काही नाही. ती रोज थेटरातच असायची. पण तिची जागा होती पडद्याच्या मागे. पडदा कापडाचा असता तर मागूनही, उलटंसुलटं का होईना, चित्र दिसलं असतं. हा पडदा चांगल्या जाडजूड चिऱ्यांचा होता, आणि चिऱ्यातून आरपार बघायची सोय देवाने अजून तरी केलेली नाही.

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालं आणि पाली मागे पडली की सडा लागतो. तांबडा, उघडा, उन्हात तापून निघणारा कातळ. तिथे रस्त्याला लागून एक जुनी चिरेखाण होती. चिरे काढून काढून तळ अंगणासारखा सपाट झालेला, एका बाजूला रस्ता, दोन बाजूंना तासलेल्या कडा आणि चौथी बाजू दरीकडे मोकळी. गुणाजीशेठने ती विकत घेतली ती ट्रक उभे करायला. शेठ किनाऱ्यावरचा माणूस. होड्या, बर्फ, मासळी हा त्याचा धंदा. मासळीचे ट्रक आंबा घाट चढण्याआधी इथे थांबत आणि ड्रायव्हर लोक पत्ते कुटत, मग भांडत, मग एकमेकांची डोकी फोडत. शेठ या डोकेफोडीला कंटाळला. त्याने दरीकडच्या मोकळ्या बाजूला, कडेपासून थोडी जागा सोडून, चिऱ्यांची उंच भिंत घातली, तिला चुना मारला आणि एका बुडालेल्या तंबूवाल्याचं सिनेमाचं मशीन आणून समोरच्या चौथऱ्यावर बसवलं. म्हणाला, बसा आपापल्या गाडीत आणि बघा गप.

असं ते थेटर सुरू झालं. नाव काही ठेवलंच नाही. लोकच ‘गाडीथेटर’ म्हणायला लागले. पहिल्यांदा नुसते मासळीचे ट्रक. मग आंब्याचे टेम्पो यायला लागले, मग वाड्यावाड्यांतून जीपा भरभरून माणसं, आणि एखादा हौशी म्हातारा थेट बैलगाडी घेऊन. टाळ्याशिट्ट्यांचं काम हॉर्नवर चाले. नायकाने खलनायकाला लोळवलं की सगळा सडा हॉर्नांनी दणाणून जायचा आणि बैल बिथरायचे. वास विचाराल तर मासळीचा. नायिका मरणपंथाला लागून रडते आहे आणि वाऱ्याबरोबर बांगड्याचा भपका येतो आहे, असं हे थेटर होतं. ज्यांनी तिथे सिनेमे पाहिले त्यांना अजून बाजारात गेल्यावर उगाच गहिवरून येतं म्हणतात. खरंखोटं त्यांचं त्यांना माहीत.

मशीन चालवायला शेठने ठेवला महिपत. हा तुळसाचा नवरा. आधी त्याच खाणीत चिरे तासायचा. भिंतीतले निम्मे चिरे त्याच्याच हातचे. हात शांत, डोकं शांत, म्हणून शेठने त्याला मशीनवर बसवलं आणि तो तिथे असा रुजला की पुन्हा उठलाच नाही. आणि खेळ बघायला येणाऱ्यांच्या पोटात काहीतरी पडायला हवं म्हणून तुळसाला चूल घालून दिली. वडे, कांदाभजी, चहा.

आता ही चूल भिंतीच्या मागे का? तर उजेड. चुलीचा जाळ आणि वरचा दिवा यांचा उजेड भिंतीवर पडला की चित्र फिकं होतं. ‘उजेड पडता नये’ हा महिपतचा पहिला कायदा. बिडी ओढायची तर ट्रकमागे जा. गाडीचा दिवा लागला तर गाडी बाहेर. आणि बायको असली म्हणून काय झालं, चूल भिंतीमागे. तुळसाने तिथे चूल पेटवली. नवीन होती, आणि तेव्हा तिला वाटलं, आठवड्याभराचा तर प्रश्न आहे, मग समोर बसून बघू की.

एकदा मात्र तिने हिंमत केली. समोर नायिका कसल्याशा विहिरीत उडी टाकणार होती. सगळे हॉर्न गप्प झाले होते आणि तुळसाला राहवेना. कढई चुलीवर ठेवून ती भिंतीला वळसा घालून पुढे येऊ लागली. पुरती पुढे आलीही नव्हती, तोच मागे तेलाने पेट घेतला. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी असा काही लाल जाळ उसळला की नायिका विहिरीसकट गायब झाली. ट्रकवाल्यांनी हॉर्नचा जो कल्लोळ केला, तो पालीच्या बाजारात ऐकू गेला. महिपतने घरी येऊन तिला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि तेच तिला लागलं. जेवताना एवढंच म्हणाला, “दाखवीन गो तुला येकदा. म्होरं बसवून, पयल्यापासनं शेवटापरेंत. माजा शबुद.”

शब्द खराच होता. फक्त त्याला मुहूर्त मिळाला नाही. मोसम चालू असताना चूल सोडता येत नसे, पावसाळ्यात थेटर बंद, आणि पुढच्या मोसमाला पुन्हा चूल. मग संदेश झाला, त्याला पाठीशी बांधून ती भजी सोडायची. वर्षं कशी जातात ते कढईपुढे उभ्या असलेल्या बाईला विचारू नये.

तरी तिने आपली सोय लावली होती. ती सिनेमा ऐकायची तो तेलाच्या हिशोबाने. मध्यंतर झालं की झुंडच्या झुंड भिंतीमागे येणार, तेव्हा वडा गरम हवा. म्हणजे तेल कधी तापवायचं हे सिनेमातूनच कळून घ्यायला हवं. कुठल्या खेळात आई मुलाला घराबाहेर काढते तेव्हा, कुठल्यात पोलीस शिट्टी वाजवतात तेव्हा. एक घरगुती मराठी खेळ होता, दोन भावांचा आणि एका खाष्ट वहिनीचा. तो शेठला फार आवडायचा म्हणून वरचेवर लागे. त्यात थोरल्या भावाला खोकला लागला की तुळसा चुलीत लाकूड सारायची. तो रक्त ओकला की पहिला घाणा तेलात. वहिनी आपली चूक कबूल करेपर्यंत वडे तयार. माणसांचे चेहरे तिने स्वतःच्या मनाने लावले होते. थोरल्या भावाला तिने महिपतचा चेहरा दिला होता, आणि हे तिने महिपतला कधी सांगितलं नाही.

नंतर जे झालं ते सगळीकडे झालं तसंच. घरोघर टीव्ही आले, तेव्हा जीपा कमी झाल्या. बैलगाडीवाला म्हातारा वारला. रिळं यायची बंद झाली आणि शेठने एक व्हिडिओवालं यंत्र आणलं. महिपत त्याच्याशी कधी मनापासून बोलला नाही. हातात मोबाइल आल्यावर ड्रायव्हर लोक आपापल्या केबिनमध्ये आपापला सिनेमा बघत पडू लागले, तेही भिंतीकडे पाठ करून. तुळसाची कढई लहान झाली, मग त्याहून लहान. एका वादळात चौथऱ्यावरच्या मशीनच्या खोलीचे पत्रे उडून गेले, वरचे आणि बाजूचेही. उरला नुसता चौथरा. मग तो आजार आला, सगळंच बंद झालं, आणि पुन्हा सगळं सुरू झालं तेव्हा गाडीथेटर सुरू झालं नाही. गुणाजीशेठ त्याच सुमारास गेला. त्याच्या मुलाने, सर्वेशने, खाणीच्या तोंडाला साखळी लावली. बिचारा वाईट माणूस नव्हे. पण त्याला काही सिनेमाचं वेड नव्हतं, आणि वेड नसताना असलं थेटर कोण चालवील?

महिपतला दुसरंच काही घेरत होतं. डोळे. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले, आणि असंही म्हणाले की उशीर झाला. आधी कडेकडेचं जग गेलं, मग मधलं. आता तर ऊन कुठल्या बाजूला आहे हे तो अंगाला लागणाऱ्या चटक्यावरून ओळखायचा. पण चेहऱ्यावर त्रागा नाही. थेटराबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायचा, “बंद नाय झालेला. थांबलाय. भिंत हुबी हाय ना? भिंत हुबी हाय तवर थेटर हाय.”

आणि इथेच तुळसाची खरी पंचाईत झाली, कारण दिवाळीनंतर भिंत पाडली.

सर्वेशला तिथे हॉटेल करायचं होतं, गणपतीपुळ्याला जाणाऱ्या घाटावरच्या माणसांसाठी. भिंतीचे चिरे जुने, पक्के, कुंपणाला उपयोगी. तुळसा सड्यावर लाकडं आणायला गेली होती, तेव्हा तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. भिंत वरून खाली येत होती, ओळीओळीने. ती तिथेच भारा टाकून बसली. त्या भिंतीने तिला सिनेमा दाखवला नव्हता, पण पाठीला तिचाच आधार होता, आणि आता तिच्यापलीकडची दरी दिसत होती. तिला रडायला यायला हवं होतं. पण फक्त थकवा आला, असा की भारा उचलून घरी जायचंसुद्धा जिवावर आलं.

घरी गेली तर ओसरीवरून महिपतने विचारलं, “भितीवर शेवाळ किती चडलाय?”

दर वर्षी पाऊस सरला की भिंत हिरवीकाळी व्हायची. मग दोघं जाऊन ती खरवडायची आणि चुना मारायची. हे त्यांचं वर्षाचं काम. त्याला वाटत होतं, भिंत वाट बघते आहे.

“चडलाय थोडा,” तुळसा म्हणाली.

एवढंच. पण एक खोटं बोललं की त्याच्यामागे बाकीची रांग लावून येतात. दोन दिवसांनी तो म्हणाला, चुना मारून घे गो, मला तर काय दिसत नाय. ती म्हणाली, मारते. आणि मग तिला काय करावं सुचेना. कारण महिपतला डोळे नसले तरी नाक होतं, आणि चुन्याचा वास त्याला मोगऱ्यासारखा ओळखीचा. शेवटी तिने चुना आणला, भिजवला आणि गोठ्याच्या भिंतींना मारला. चारी बाजूंनी, आतून बाहेरून. संध्याकाळी चुन्याने माखलेले हात घेऊन ती त्याच्याजवळ बसली. त्याने तिचे हात हातात घेतले, वास घेतला आणि म्हणाला, “झाक.” गोठ्यातली म्हैस मात्र पुढे आठवडाभर आत जायला तयार नव्हती.

सगळ्या वाडीला हे ठाऊक होतं, मुंबईला असलेल्या संदेशलाही. तुळसाने घरोघर जाऊन सांगितलं होतं, त्यांच्याम्होरं भिंतीचा विषय काढू नका. आमच्या वाडीत कुणाच्या घरी काय शिजलं हे शिजायच्या आधी चार घरी कळतं, पण ही गोष्ट मात्र माणसांनी पोटात ठेवली. पोरांनीसुद्धा. सगळ्यांनाच वाटत होतं की भिंत पडल्याचं कळलं तर म्हातारा त्याच दिवशी आडवा होईल. तुळसाला तर ते वाटत नव्हतं, तिची खात्रीच होती. रोज त्याच्या शेजारी बसून ती त्या नसलेल्या भिंतीची खुशाली सांगायची. आता ऊन पडलाय तिच्यावर. आता चिमण्या बसल्यात. बोलून झालं की तिला गळून गेल्यासारखं व्हायचं. शेकडो वडे तळून ती कधी इतकी दमली नव्हती.

शिमग्याला संदेश मुंबईहून आला. पालखी घरी नाचून गेली, पुरणपोळ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी महिपतने विषय काढला.

“संदेश, मला खाणीवर घेऊन चल. दोन कामां ऱ्हायलीत.”

पहिलं काम राखणदाराचं. खाणीच्या तोंडाशी किंजळीच्या झाडाखाली एक शेंदूर लावलेला दगड होता, तो त्या जागेचा राखणदार. दर मोसमाला पहिल्या खेळाआधी त्याला नारळ द्यायचा आणि गाऱ्हाणं घालायचं, हा रिवाज. आजाराच्या साली थेटर बंद पडलं ते अचानक. राखणदाराला सांगितलंच नाही. हे महिपतच्या मनाला सारखं टोचत होतं.

“आनि दुसरा?” संदेशने विचारलं.

“तुज्या आयशीला शबुद दिलाय. खेळ दाखवायचाय.”

जुनं मशीन त्याने घरात घोंगडीत गुंडाळून ठेवलं होतं. सोबत त्या दोन भावांच्या खेळाची रिळं. परत मागणारी कंपनीच बुडाली, म्हणून राहिलेली. डोळे गेल्यावरही तो मशीनला तेल घालायचा, बोटांनी फिल्म ओवून बघायचा. आता तो म्हणत होता, अजून हातात जोर हाय तवर करून टाकूया.

तुळसाने संदेशकडे बघितलं, संदेशने तिच्याकडे. मागच्या दारी गेल्यावर तो म्हणाला, “आये, सांगून टाकूया. किती दिवस लपवणार?”

“सांग मंग,” तुळसा म्हणाली. “जा. तूच सांग.”

संदेश ओसरीपर्यंत गेला. महिपत मशीनची चाकं फडक्याने पुसत होता आणि तोंडाने त्या खेळातलं गाणं म्हणत होता. संदेश तसाच मागे फिरला आणि शेजारच्यांचा टेम्पो मागायला गेला.

दिवस कलताना ते तिघं खाणीवर पोचले. हॉटेलच्या कामासाठी तोंडाची साखळी काढलेली आणि लाइट घेतलेली होती, तेवढं बरं होतं. संदेशने आधी बापाला हात धरून किंजळीखाली नेलं. महिपतने नारळ पुढे धरला, डोकं झुकवलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज पूर्वीसारखाच खणखणीत.

“बा देवा राखणदारा म्हाराजा! आज तुज्या पायाशी आलाव, जी काय चूक झाली आसंल ती पदरात घालून घे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” संदेश आणि तुळसा म्हणाले.

“तुला न इचारता खेळ थांबला, त्याचा राग धरू नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“येवडी वर्सां लोकांच्या गाड्या सुखरूप आल्या, सुखरूप गेल्या, ती तुजी किरपा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आनि ही भिंत जशी आज हुबी हाय, तशीच तुज्या सावलीत हुबी ऱ्हाऊ दे म्हाराजा!”

 संदेशने मान खाली घातली. तुळसाने समोर बघितलं. किंजळीच्या पलीकडे, जिथे भिंत होती तिथे, नुसतं आभाळ होतं आणि खाली दरी. नवऱ्याशी खोटं बोलणं वेगळं. ते ती महिनोन्‌महिने बोलत आली होती आणि त्याचं तिला वाईट वाटलं तरी भीती वाटली नव्हती. पण राखणदारापुढे, नारळ हातात असताना, होकार द्यायचा तो खोट्याला? असलं कुणी करत नाही. आमच्याकडे कोर्टात खोटं बोलणारी माणसं पुष्कळ आहेत, पण गाऱ्हाण्यात खोटं बोलणारा मी अजून बघितलेला नाही. महिपत थांबला होता. होकार आल्याशिवाय नारळ फुटत नाही.

“व्हय म्हाराजा,” तुळसा एकटीच म्हणाली.

मनात म्हणाली, काय शिक्षा करायची ती मला कर. त्यांना नको.

नारळ फुटला. महिपतचा चेहरा मोकळा झाला, कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घ्यावं तसा. 

तिन्हीसांज झाली. संदेशने टेम्पो नेमका मधोमध आणून भिंतीच्या जागेकडे तोंड करून लावला. बापाला चौथऱ्यावर बसवलं, मशीन त्याच्यापुढे ठेवलं. महिपतने स्वतःच्या हाताने फिल्म ओवली. संदेश मदत करायला गेला तर त्याचा हात बाजूला सारला. तुळसाला त्याने टेम्पोत पुढच्या सीटवर बसायला सांगितलं. ती बसली. पायांखाली जागा होती, पाठीला टेकू होता, आणि हातांना काही काम नव्हतं. हातांचं काय करायचं तेच तिला समजेना.

“सुरू करताव!” महिपत ओरडला.

मशीन खरखरलं. उजेडाचा झोत तिच्या डोक्यावरून पुढे गेला. त्याला अडवायला काहीच नव्हतं. तो सरळ दरीवर गेला आणि तिकडे विरून गेला. चित्र नाही, काही नाही, झोतात उडणारे चार किडे. आवाज मात्र स्वच्छ. सनई वाजली, भाऊ बोलायला लागले, वहिनीने पहिलं भांडण काढलं.

“आज आवाज लांब जाताय,” थोड्या वेळाने महिपत म्हणाला. “भितीवरनं परत येत नाय.”

“वारा हाय,” तुळसा म्हणाली.

संदेश टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिला होता. बहुतेक डोळे पुसत असावा. तुळसा समोरच्या अंधाराकडे बघत बसली. ज्या सिनेमासाठी आयुष्यभर थांबली तो चालू होता, ती समोर बसलेली होती, आणि अजूनही ती ऐकतच होती. तिला स्वतःची कीव आली, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं आणि फक्त दमणूक राहिली.

तेवढ्यात थोरल्या भावाला खोकला लागला.

तुळसा उठली. ठरवून नव्हे, खोकला ऐकला की तिचे पाय चुलीकडे जातात, त्याला ती तरी काय करणार? ती टेम्पोतून उतरली आणि चालत सुटली. भिंतीची जागा आली. एरवी इथे वळसा घ्यावा लागायचा. आज ती सरळ पार गेली. पलीकडे चुलीचे तीन दगड तसेच होते, काळे, मधे पावसाने थापलेली राख. ती खाली वाकली, लाकूड शोधू लागली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपल्याला राख दिसते आहे. हात दिसत आहेत. चोळीच्या बाहीवर, हातांच्या सुरकुत्यांवर काहीतरी हलत होतं, उजेडाचे आणि काळोखाचे ठिपके. एवढी वर्षं भिंतीने जे अडवलं होतं ते इथपर्यंत येऊन तिच्या अंगावर पडत होतं.

ती वळली. झोत सरळ डोळ्यांत आला. तिने डोळ्यांवर हात धरला आणि एक पाऊल बाजूला झाली.

आणि तिला महिपत दिसला. मशीनच्या फटींतून गळणाऱ्या उजेडात त्याचा चेहरा पिवळा दिसत होता. तो मांडी घालून बसला होता, एक हात मशीनवर होता, दुसरा गुडघ्यावर ताल धरत होता, आणि संवाद यायच्या आधी त्याचे ओठ तो संवाद म्हणत होते. तुळसाने त्याला जेवताना बघितलं होतं, झोपताना, तापात, डोळे जाताना. काम करताना कधी बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. तो भिंतीच्या त्या बाजूला, ती या बाजूला.

“दिसताय काय गो?” महिपतने हाक मारली.

“दिसताय.”

“काय दिसताय?”

थोरला भाऊ अंथरुणावर, धाकटा त्याच्या पायाशी, वहिनी दारात. सगळं तिला पाठ होतं. नुसतं म्हणून दाखवायचं होतं. राखणदाराला फसवलं, तिथे याला फसवायला असं काय मोठं लागणार होतं? तिने तोंड उघडलं.

“येक म्हातारा दिसताय,” ती म्हणाली. “मशीनवर हात ठेवून बसलाय. वट हलवताय.”

खोकला चालू होता. महिपतचे ओठ थांबले.

“ह्या खेळात म्हातारा नाय,” तो म्हणाला.

 थोरला भाऊ रक्त ओकला, धाकट्याने हंबरडा फोडला. महिपतचा गुडघ्यावरचा हात थांबला होता. मशीनवरचा हात मात्र त्याने उचलला नाही. चालू खेळ मधे बंद करायचा नाही, हा त्याचा दुसरा कायदा.

“भिंत कवा काढलानी?” मग त्याने विचारलं.

“दिवाळी झाल्यावर.”

“मंग चुना कुटं लावलास?”

“गोठ्याला.”

“गोठ्याला,” महिपत म्हणाला. तो हसला की रडला, ते मशीनच्या आवाजात कळलं नाही.  महिनोन्‌महिने तुळसाने ज्याची धास्ती घेतली तो क्षण येऊन उभा राहिला होता, आणि म्हातारा आडवा झाला नव्हता. नुसता बसला होता, आणखी थोडा वाकून.

“आता तू हुबी कुटं हायस?”

“चुलीपाशी.”

“म्हंजे उजेड तुज्यावर पडताय.”

तुळसाने आपल्या हातांकडे बघितलं. “पडताय,” ती म्हणाली आणि सवयीने बाजूला व्हायला लागली.

“ऱ्हाऊ दे,” महिपत म्हणाला. “पडू दे.”

मध्यंतराची पाटी आली असेल, गेली असेल. तुळसा त्या तीन दगडांपाशी खाली बसली. महिपतने चाचपून दुसरं रीळ हातात घेतलं.